खालचा आवाज

सासूबाईंच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीसाठी चिझुरु गोड वड्या आणायला निघाली, तेव्हा नवऱ्याने, शुहेइने, सोल्डरची रीळही आणायला सांगितली. आईच्या विधीला सोल्डर कशाला, असं ती विचारणार होती. पण लग्नाला चारच महिने झाले होते, गप्प राहणं अजून जमत होतं.

परतली तेव्हा ओसाकावर दुपारीच अंधारून आलं होतं. सासऱ्यांनी नोकरीत असताना स्वतः आखलेला अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर पोट उघडून पडला होता.

“हा कपॅसिटर काढून सरळ तार जोडतो,” शुहेइ म्हणाला. “उगाच वाट अडवून बसलाय.”

“उगाच? मी उगाच काही बसवत नसतो,” सासरे म्हणाले. “खालचा आवाज थोपवायला आहे तो.”

“तो तर कानाला ऐकूच येत नाही, बाबा!”

“म्हणूनच थोपवलाय.”

चिझुरुने हसू चहात बुडवलं.

“एकोणपन्नास दिवस घरात घुटमळून तुझी आई आज पलीकडे निघायची,” सासरे हळूच म्हणाले. “सुखानं जाऊ दे तिला. मागून हाका नकोत.”

“एकदाच, बाबा. टेपवरचा तिचा आवाज नीट ऐकू दे.”

टेप जुनी, माइक तपासताना सहज भरलेली. दार सरकतं, सासूबाई बाजारातून येतात, “ताडाइमा, आले मी!” म्हणतात. एवढंच.

तार जोडली. टेप फिरू लागली. आधी काहीच नाही. मग तळव्यांखालची लाकडी जमीन थरथरली... थांबली... पुन्हा थरथरली. पावलं पडावीत तशी. उदबत्तीचा वास दाटला. दार सरकलं.

“ताडाइमा...”

आवाज इतका जवळ, की चिझुरुच्या तोंडून निसटलंच, “ओकाएरी! या, आई.”

दारातून कुणी ‘आले’ म्हटलं की आतून ‘ये’ म्हणायचंच. लहानपणापासून जिभेला पडलेलं वळण ते.

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “या... म्हणालीस तिला?”

शुहेइने झटक्यात बटण बंद केलं. थरथर थांबली नाही. सासऱ्यांनी तार उपटली, कपॅसिटर जागेवर धरून डाग दिला. जमीन शांत झाली.

“बघा... थांबलं,” शुहेइ पुटपुटला.

“यातून थांबलं,” सासरे म्हणाले.

तिघंही टेबलाशीच होते. आत स्वयंपाकघरात, सासूबाई माणशी एक माप तांदूळ घ्यायच्या त्या डब्याचं झाकण निघालं. माप बुडालं. एकदा... दोनदा... तीनदा...

आणि चौथ्यांदा.