गच्चीवरची रोझमेरी

"कुणीतरी माझी रोझमेरी मारतंय," शकुन आत येताच म्हणाली. "आणि कोण ते मला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या रजनीताई!"

देवयानी खासगी तपासाची कामं करायची. तिचा भाऊ उन्मेष मदतीला असायचा. झाडाची केस ऐकून त्याला हसू आलं, पण देवयानी लगेच चपला घालून निघाली.

बागबाजारच्या त्या गच्चीवर पोहोचताच उन्मेषचं हसू मावळलं. कोलकात्याच्या दमट हवेत शकुनने रोझमेरी कमरेएवढी वाढवली होती. आता तिचे शेंडे बोडके झाले होते. शेजारच्या लॅव्हेंडरचीही तीच गत. तुळस आणि कोथिंबीर मात्र टवटवीत.

देवयानीने प्रत्येक कुंडीत बोट खुपसलं. सगळीकडे गंगेची करडी, चिकट माती. फक्त लॅव्हेंडरच्या कुंडीत काळी, भुसभुशीत.

खालच्या मजल्यावर जाऊन विचारलं तेव्हा रजनीताईंचे डोळे भरून आले. "मी औषध फवारते, पण माझ्या गुलाबांवर. हिच्याकडे रोझमेरीची फांदी मागितली, हिने दिली नाही. म्हणून काय विष घालीन? या इमारतीत मराठी बोलायला आम्ही दोघीच तर आहोत!"

शकुनचा नवरा केदार जहाजावर इंजिनिअर. नुकताच इटलीहून आलेला.

"लॅव्हेंडर ना? खिदिरपूरच्या नर्सरीतून आणलं," तो मान वर न करता म्हणाला.

संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले. देवयानीने पांढरी चादर अंथरून रोझमेरी हलवली. टपटप किडे पडले. हिरवेगार, चकाकते, अंगावर जांभळे पट्टे.

"काय देखणे आहेत!" उन्मेष उद्गारला.

"विषाने पानं करपली असती. ही कुरतडलेली आहेत," देवयानी म्हणाली. "आणि खाणाऱ्याने तुळशीला तोंडही लावलं नाही. हा भुंगेरा भूमध्य समुद्राकडचा. रोझमेरी, लॅव्हेंडर खातो आणि मातीत कोश करतो. इथल्या नर्सरीने गंगेचीच माती भरली असती. केदार, ती कुंडी तुमच्या सामानातून आली ना?"

केदार ओशाळला. "हिला खूश करायचं होतं. बंदरावरच्या तपासणीत दाखवली नाही."

उन्मेष बहिणीकडे कौतुकाने पाहतच राहिला.

"आता वनस्पती तपासणी कार्यालयाला कळवा," देवयानी म्हणाली. "ते येईपर्यंत एकही किडा गच्चीबाहेर जाता कामा नये. दोन्ही झाडं मात्र वाचणार नाहीत."

शकुनने स्वतःच कात्री उचलली आणि रोझमेरी बुंध्यापासून कापली.

"रजनीताई, मी फार वाईट बोलले हो तुम्हाला."

रजनीताई पुढे झाल्या आणि त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड उघडून धरलं. "घाल आत. सांभाळून. उडून जातील."