एकच सदस्य असल्याचा संशय

रेवा आणि निनाद या दोन व्यक्ती नसून ती एकच व्यक्ती आहे, असा निकाल लागला. तो लागलेलाच नाही असं समजून आपण पनवेलच्या एका अभ्यासिकेत जाऊ.

तिथे रेवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती, म्हणजे ऑनलाइन ज्ञानकोशात कर्नाळ्याच्या पक्ष्यांवर लेख लिहीत होती. आयुष्यात तिने पूर्ण केलेली ही पहिलीच गोष्ट. विणायला घेतलेला स्वेटर अजून एकाच हाताचा होता. या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही ते खोडू शकतं. पहिला नियम तिला फार आवडला. दुसरा ‘निनाद उरणकर’ नावाच्या सदस्याने शिकवला.

तिने लिहिलं होतं, ‘कर्नाळ्याला स्वर्गीय नर्तक हा पक्षी हमखास दिसतो.’ त्याने ‘हमखास’ खोडलं. शेरा: संदर्भ हवा.

तिने ते परत घातलं. संदर्भ: माझे डोळे.

‘स्वतःचे डोळे हा विश्वासार्ह स्रोत धरला जात नाही,’ त्याने चर्चापानावर लिहिलं. ‘छापील काही असेल तर द्यावं.’

‘डोळे छापून आणू?’

‘तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. आधी सरावाच्या पानावर गिरवावं.’

‘तुम्ही उरणचे आहात म्हणून विचारते. कर्नाळा कधी पाहिलाय?’

उत्तर आलं, ‘गोव्याला जाताना. बसमधून.’

असं बरेच दिवस चाललं. शेवटी काळूराम नावाचे प्रचालक, म्हणजे ज्ञानकोशाचे हवालदार, मध्ये पडले. दोन्ही सदस्य एकाच वाय-फायवरून लिहितात, असं त्यांना आढळलं होतं. सबब हा एकच माणूस दोन खाती काढून स्वतःशीच भांडत असावा. रविवारपर्यंत खुलासा करावा, नाहीतर दोन्ही खाती बंद.

“मी?” ते वाचून रेवा मोठ्याने म्हणाली.

“मी?” समोरच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला.

अभ्यासिकेत बोलायला मनाई होती. मालक दाजींनी दोघांनाही जिना दाखवला.

खाली चहाच्या टपरीवर त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

“हेच का ते डोळे?”

“हेच. आणि रोज समोर बसतोस, वर मलाच गिरवायला सांगतोस?”

“मला काय माहीत ती तू. तू तर नुसती पेन चावत असतेस.”

“म्हणजे बघत होतास…”

“संदर्भ हवा,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

“बरं, दोन आहोत हे दाखवायचं कसं? माझा लेख जाईल रे.”

“भांडत राहू. एकटा माणूस इतकं भांडत नाही.”

“तू माझ्या आईला भेटला नाहीस.”

भांडणाला ताजा मुद्दा हवा, म्हणून रविवारी दोघं कर्नाळ्याला गेले. झाडीत बसून बसून पायाला मुंग्या आल्या, तेव्हा कुठे एक लांब पांढरी शेपटी फांद्यांमधून रिबिनीसारखी सरकली.

“तो बघ—” निनाद कुजबुजला. “दिसला ना?”

“हं… शेपूट होती?”

“रेवा, तू बघत कुठे होतीस?”

तिने घाईघाईने पाण्याची बाटली उघडायला घेतली. ती उघडीच होती.

संध्याकाळी दोघं अभ्यासिकेत परतले आणि आपापल्या टेबलाशी बसले. निनादने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून, ‘हमखास’ परत घातलं. रेवाने, स्वतःला दिसला नाही म्हणून, ते खोडलं. शेरा: संदर्भ हवा.

काळूरामांची खात्रीच पटली. भांडणारा इसम आपण कोणत्या खात्यात कोण आहोत, हेच विसरला होता. दोन्ही खाती बंद.

या वेळी दाजींनी सांगायच्या आधीच दोघं जिन्यावर आले.

“गेला माझा लेख,” रेवा म्हणाली.

“लेख कुठे जातोय. तो कुणाच्या मालकीचा नसतो, नियमच आहे. आहे तिथेच आहे बघ. बंद आपण झालोय.”

तिने पाहिलं. लेख होता. तिने नाक पुसलं.

“अपील करता येतं,” तो म्हणाला. “पण दोघांत एकच अर्ज. एकच माणूस ना आपण.”

“मग लिही, की आम्ही दोघं वेगळे आहोत.”

निनाद जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला.

“मला ते… लिहावंसं वाटत नाहीये.”

रेवाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातला फोन घेतला आणि स्वतःच लिहिलं:

‘महोदय, आपला निर्णय आम्हांस मान्य आहे. सदर दोन सदस्य एकच असल्याचा दाखला सही-शिक्क्यानिशी रेवाच्या आईच्या नावे देण्यात यावा, म्हणजे त्यांना स्थळं पाहण्याची तसदी उरणार नाही. संदर्भ म्हणून दोघांचे डोळे सोबत जोडत आहोत. दाखल्यात ‘हमखास’ हा शब्द अवश्य घालावा व तो कोणासही खोडू देऊ नये, ही नम्र विनंती.’