पाच गिटारी, सहा खुणा

आमच्या रुग्णालयात कानाची तपासणी करायची एक साधी शिस्त आहे. माणसाला छोट्या खोलीत पाठमोरं बसवायचं, हातात बटण द्यायचं आणि आवाज ऐकू आला की दाबायला सांगायचं. मधूनमधून मी मुद्दाम काहीच वाजवत नाही. तेव्हाही कुणी बटण दाबलं, तर त्याला आम्ही ‘फुकटचं ऐकणं’ म्हणतो आणि कागदाच्या कडेला फुली मारतो. अकरा वर्षं मी हे काम करतेय. गुरुवारी दुपारी गिटारच्या दुकानात जे ऐकलं ते भास म्हणून झटकता येण्यासारखं असतं, तर सगळ्यांत आधी मीच झटकलं असतं.

त्या दुकानात मी रागानं गेले होते, हेही सांगून टाकते.

मी आणि दादा चौदा वर्षं जोडीनं वाजवत होतो. मी बोटांनी एकेक तार छेडायची, तो पिकनं, म्हणजे प्लास्टिकच्या तिकोनी चकतीनं, सगळ्या तारांवर ठेका धरायचा. ओळखीचे लोक आम्हाला ‘बोटं’ आणि ‘मनगट’ म्हणायचे. रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात आमचा तासाभराचा कार्यक्रम ठरलेला होता. सोमवारी दादानं आयोजक बाईंना परस्पर फोन करून तो रद्द करायला सांगितलं. एका हॉटेलच्या वाद्यवृंदात त्याला रोजचं काम मिळालं होतं. तेवढं मी गिळलं असतं. पण बाईंनी विचारलं, “मग बहिणीला वाजवू दे की एकटीला?” त्यावर हा हसला आणि म्हणाला, “तिला? अहो, तिची नुसती बोटं चालतात. मनगट माझं आहे.”

बाईंनी हे मला शब्दन्‌शब्द सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे सांगितलं, कार्यक्रम होणार, तासभर मी एकटी वाजवणार.

सांगून बसले खरी, पण माझी गिटार लहान अंगाची. बोटांखाली प्रत्येक स्वर सुटा येतो, जोरात ठेका धरला की बिचारी घुसमटते. दादाची थोराड. ठेक्याला दणदणीत, पण बोटांनी वाजवलं की स्वरांचा चिखल. दोन्हींना चालेल अशी एकच हवी होती. कुठली घेऊ, म्हणून मी नाक मुठीत धरून दादालाच फोन केला. त्याला लाकडातलं कळतं.

“नाचता येईना अंगण वाकडं,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुकान टायरवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याला रबराचा वास. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. पूर्वी तो दुरुस्तीची कामं करायचा, त्यामुळे हाताला सरसाचे डाग कायमचे बसलेले.

“बोटांनी की पिकनं?” त्यानं विचारलं.

“दोन्ही.”

“सगळे दोन्ही डगरींवर हात ठेवायलाच येतात, ताई. अशी गिटार नसते. तडजोड असते.”

“मग चांगली तडजोड दाखवा.”

माणूस कामाचा होता. मधल्या अंगाच्या पाच गिटारी त्यानं काढल्या. तारांमध्ये बोट शिरेल इतकं अंतर प्रत्येकीला होतं. तारांची उंची त्यानं पट्टीनं मोजून दाखवली. फार खाली असल्या तर ठेक्याला खरखरतात, फार वर असल्या तर डावा हात तुटतो. दोघींची वरची फळी देवदाराची होती, तिघींची स्प्रूस नावाच्या लाकडाची. देवदार हलक्या बोटालाही लगेच बोलतो, पण जोर केला की दबतो. स्प्रूस हट्टी, पण जोर पेलतो. पाचींवर सारख्याच तारा होत्या.

“रूप बघून भुलायचं नाहीये मला,” मी म्हणाले. “मी भिंतीकडे तोंड करून बसते. तुम्ही वाजवा. प्रत्येकीवर तेच, आधी बोटांनी, मग पिकनं. मी कागदावर गुण मांडते.”

त्याला गंमत वाटली. आतल्या खोलीच्या भिंतींना राखाडी गालिचा ठोकलेला होता, दार जाड होतं. मी स्टूलावर बसले, कागद मांडीवर घेतला. मागे तो एकेक गिटार उचलायचा, वाजवायचा, ठेवायचा. त्याचा हात सरळ होता, नखरा नाही. झाल्यावर तो म्हणाला, “संपल्या.”

माझ्या कागदावर सहा ओळी होत्या.

“एक तुम्ही दोनदा वाजवलीत,” मी म्हणाले.

“नाही हो. पाच गिटारी, पाच वेळा.”

मी कागद त्याच्यापुढे धरला. चौथ्या ओळीत मी दोन्हींना दहापैकी दहा दिले होते. बोटांना सुटे स्वर, ठेक्याला भरदार आवाज, कुठे खरखर नाही. त्यानं चष्मा खाली ओढून पाहिलं आणि खांदे उडवले. मला स्वतःचीच चीड आली. दुसऱ्यांच्या नावापुढे फुल्या मारणारी मी, आणि माझंच फुकटचं ऐकणं? क्रम बदलून परत वाजवा, म्हटलं.

परत सहा. या वेळी दहाची जोडी तिसरी आली.

“आता प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी लावा,” मी म्हणाले. “आणि वाजवण्याआधी आकडा मोठ्यानं सांगा.”

“ताई, चहा घेता का जरा?”

“आकडा सांगा.”

“एक,” तो म्हणाला आणि वाजवली. “दोन.” वाजवली. “तीन.” ही देवदाराची, ठेक्याला दबली. मी पाच लिहिले. मागे ती स्टँडवर ठेवल्याचा आवाज आला. मग आकडा न सांगताच बोटं सुरू झाली.

ती माझी बोटं होती. तिसऱ्या तारेवरून पहिलीवर जाताना मी अंगठा किंचित आधी सोडते, ती खोड मला परक्या हातात ऐकू आली. मग ठेका सुरू झाला. तिसऱ्या मात्रेला नख फळीवर आपटत होतं. टक. पुढच्या तिसऱ्या मात्रेला पुन्हा टक. चौदा वर्षं ते नख माझ्या डाव्या कानाशी वाजलं होतं.

मी वळले.

दुकानदार पाण्याचा पेला तोंडाला लावून उभा होता. गळ्यात गिटार नाही, दुसरा हात रिकामा. “घसा सुकला,” तो म्हणाला. “आता चार घेतो.”

चार नंबरची गिटार स्टँडवर होती. तिच्या जाड तारा अजून थरथरत होत्या, कडा दुहेरी दिसत होत्या. मी पंजा ठेवून त्या थांबवल्या. त्या कोमट होत्या.

भीती नाही वाटली. माझ्या डोक्यात एकच होतं, इथेही हाच! मी घ्यायच्या गिटारीतसुद्धा हाच घुसणार! मी ती उचलली, पिक मागून घेतलं आणि ठेका धरला. माझं मनगट आयुष्यभर आखडलेलं, लाकडी. पण त्या क्षणी ते सुटलं. वर-खाली, वर-खाली, सैल आणि नेमकं, आणि तिसऱ्या मात्रेला माझं नख फळीवर आपोआप आपटलं.

“ठेकासुद्धा छान धरता की,” दुकानदार म्हणाला.

“हीच द्या,” मी म्हणाले.

घरी गेल्या गेल्या साडेपाच ते सात वाजवली. शुक्रवारी सकाळी कामाला जाण्याआधी दोन तास, आल्यावर तीन तास. बोटांनी वाजवताना बोटं माझीच होती. पिक घेतलं की मनगट आपलं आपण चालायचं, मी नुसती बघायची. इतका राग येत होता मला! म्हणजे चौदा वर्षं मला नुसती बरी गिटार हवी होती? आणि या माणसानं मला ते कळू दिलं नाही? मी दात-ओठ खात वाजवत होते. जितका राग, तितका ठेका सुंदर.

शनिवारी अकराला वहिनीचा फोन आला. गिटार माझ्या गळ्यातच होती.

“अगं, ह्यांचा उजवा हात जातोय,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “गुरुवारी दुपारी हातातून कप पडला. हात आहे, गरम आहे, पण ह्यांचा नाही. टाचणी टोचली तरी कळत नाही. मग आपोआप परत येतो. डॉक्टर म्हणाले, नसा ठणठणीत आहेत. हॉटेलवाल्यांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.”

“कधी-कधी जातो?”

“मी लिहून ठेवलंय. गुरुवारी तीनच्या सुमारास थोडा वेळ. मग साडेपाच ते सात, जाऊन-येऊन. काल सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते आठ.”

मी खुर्चीवर बसले.

“वहिनी, फोन ठेवू नकोस. त्याच्या हातात पेन्सिल दे. खाली पडली की नुसतं ‘पडली’ म्हण. परत देत राहा. मी काही बोलणार नाही.”

“कशासाठी?”

“दे गं तू.”

मी माझ्या बाजूचा आवाज बंद केला. दहा वेळा हा प्रयोग केला. चार वेळा काहीच वाजवलं नाही. दोन वेळा बोटांनी वाजवलं. चार वेळा पिकनं ठेका धरला, क्रम कसाही ठेवून. चारही ठेक्यांना वहिनी म्हणाली, “पडली.” एरवी एकदाही नाही.

कागदाच्या कडेला मारायला एकही फुली नव्हती.

मी आवाज सुरू केला, तेव्हा फोन दादाच्या हातात होता. “काय चाललंय तुझं?” त्यानं विचारलं.

“सराव.”

वहिनीनं लिहिलेल्या वेळा त्यानं पुटपुटत वाचल्या. “उद्या वाजवू नकोस,” तो म्हणाला.

“का? मला येत नाही ना?”

“येतं. मी बाईंना सांगतो. सगळ्यांना सांगतो, तुला एकटीला येतं म्हणून. फक्त वाजवू नकोस.”

चौदा वर्षांत पहिल्यांदा तो मला ‘येतं’ म्हणाला, आणि तेही वाजवू नकोस म्हणून. त्यानं माफी मागितली असती तर काय झालं असतं, मला ठाऊक नाही. त्यानं मागितली नाही. मी फोन ठेवला.

रविवारी सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत दादा बसला होता, शेजारी वहिनी. त्याचा उजवा, अंगठीचा हात तिनं आपल्या मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवला होता. पहिला अर्धा तास मी बोटांनी वाजवलं. तासभर तेवढंच वाजवता आलं असतं. कुणी तक्रार केली नसती.

तो माझ्याकडे बघून मान हलवत होता. नको, नको.

मला त्याची कीव आली. खरंच आली. पण राग तिच्याहून मोठा होता.

मी पिक उचललं.

अर्धा तास माझ्या मनगटानं जे केलं ते मी परत कधी ऐकणार नाही. टाळ्या पडल्या, लोक उभे राहिले. आयोजक बाई डोळे पुसत होत्या. दादा बसूनच डाव्या हातानं गुडघ्यावर थापट्या मारत होता. वहिनीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती खाली मान घालून तो हात चोळत होती.

घरी आले तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. मी गिटार पेटीत ठेवली, दोन्ही कड्या लावल्या, पेटी कपाटावर चढवली. आता त्याचा त्याला हात मिळाला असेल, म्हटलं. झालं एकदाचं. स्वयंपाकघरात जाऊन टेबलापाशी बसले. उजवा हात टेबलावर टाकला.

थोड्या वेळानं हाताला ऊब लागली.

कुणीतरी तेल चोळत होतं. मनगटापासून खाली, मग अंगठा, मग एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत. हात टेबलावर होता, कोरडा, आणि त्याच्याजवळ कुणी नव्हतं. बोटं लहान होती, बाईची. फार हळू, फार मायेनं चोळत होती. मी हात काढून घेतला नाही. काढून घ्यायचा तरी कुठून?

मग करंगळीशेजारच्या बोटाच्या पेरावर काहीतरी अडकलं. कुणीतरी ते तेलानं इकडेतिकडे फिरवलं, दमानं ओढलं आणि काढून घेतलं.

मी अंगठी घालत नाही.