एक टिंब जास्त

मी थापा मारते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नात लहान असताना मी तिला सांगितलं होतं, की तुझे आजोबा घोरायला लागले की खालच्या मजल्यावरचे लोक छत्र्या उघडून बसतात. पोरीनं ते वर्गात जाऊन सांगितलं. तेव्हा यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी मात्र आता सांगते त्या दिवसापासून चारच्या चहाला घाबरते.

नातीला सगळे कैरी म्हणतात. जन्मल्या जन्मल्या तोंड इतकं आंबट केलं होतं, की नाव तिथंच ठरलं. आता कॉम्प्युटरवर कामं करते. त्या दुपारी कोपऱ्यावरच्या वाचनालयाची सभासदांची यादी नीट करत बसली होती. सव्वातीनशे नावं. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, शेजारी माझी मटाराची परात.

"आजी, आजोबांचं नाव अजून तसंच आहे गं."

हे जाऊन सहा वर्षं झाली.

"लाव पुढे 'कै.'," मी म्हटलं. "दोन पुस्तकं परत न करता गेलेत. तेवढंच तोंड लपेल."

तिनं लावलं. मी शेंगेत दाणा शोधत राहिले.

ग्रंथपालबाईंना 'कै.'च्या जागी 'दिवंगत' असं पूर्ण हवं होतं. कैरीनं एक खूण लिहिली. म्हणाली, "ही दिली की सगळे 'कै.' एका झटक्यात सापडतात नि बदलतात."

"किती सापडले?"

"एकेचाळीस."

मी सकाळीच कागदावर मोजले होते. यांना धरून चाळीस.

"तुझं मोजणं म्हणजे!" ती हसली आणि बटण दाबलं.

मग तिनं फोन उचलला. अंगठा ठेवला, उघडेना. ओढणीला पुसून पुन्हा ठेवला. "हा काय मला ओळखत नाही होय?"

तेवढ्यात सून कामावरून आली. चपला काढल्या, आत गेली, कप काढले.

"आई, दोनच कप टाकते. आपण दोघीच ना?"

"मम्मी, मी काय उपाशी मरू?" कैरी ओरडली.

सून टेबलापाशी आली. कैरीच्या खांद्यातून हात घालून तिनं परातीतले चार दाणे तोंडात टाकले. "कुणाशी बोलत होतात?" तिनं मला विचारलं आणि परत आत गेली.

कैरीचा खांदा तिला लागला नव्हता. मी बघितलं.

कैरी यादी वर सरकवू लागली. बालविभागाशी थांबली. तिचं कार्ड मीच भरलं होतं, लाडाच्या नावानं. त्या ओळीवर आता 'दिवंगती' एवढंच होतं.

"टिंब," ती पुटपुटली. "या खुणेत टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, आजी. खरं टिंब हवं तर आधी तिरकी रेघ द्यायची. मी विसरले. कै नि पुढचं काहीही… माझा र पण गेला. नुसती वेलांटी उरली."

तिनं बटण दाबलं. बटण खाली जाईना.

"आजी, तू दाब. कंट्रोल धरून ठेव. आता झेड, म्हणजे एक पाऊल मागं जाईल."

तिचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा येत होता.

माझी बोटं मटारानं ओली. बटणावर घसरत होती.

दाबलं.

यादी हलली. 'कैरी' परत आली.

"अगं कैरी, कधी आलीस?" आतून सून म्हणाली. "साधी हाक नाही मारायची?"

मी कैरीला पोटाशी धरलं. चांगली जड होती, गरम होती. रडता रडता हसत होती.

मग तिनं पडद्याकडे पाहिलं.

"आजी, झेड किती वेळा दाबलंस?"

"एकदाच."

"दोनदा दाबलंय."

यांच्या नावापुढचं 'कै.' गेलं होतं.

सून ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चार कप होते.

"बाबांना उठवता का, आई? चहा गार होतोय."

आतल्या खोलीत पलंग करकरला.

"आजी," कैरीचं बोट बटणावर होतं. "परत लावू?"

मी तिचं बोट धरून ठेवलं. आतून सपाता घासत येत होत्या. याच सपाता मी सहा वर्षांपूर्वी माझ्या हातानं देऊन टाकल्या होत्या.