खुर्चीची खूण

तार मारणाऱ्यांना एकमेकांची तोंडं ठाऊक नसत, हे आजकालच्या पोरांना खरं वाटत नाही. मी अमरावतीच्या तारघरात, हरिहर अकोल्याच्या. आमची जिवाभावाची दोस्ती, पण त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या लग्नात, तेही कुणी बोट दाखवलं तेव्हा. तारेवर मात्र यंत्र कडकट्ट करू लागलं की दोन अक्षरांत मी सांगत असे, हरिहर आहे, आणि आज घरी भांडून आलाय. माणसाचा हात कळतो हो. शिवाय प्रत्येकाची दोन अक्षरी खूण असे, ज्याची त्याने निवडलेली. संदेश संपला की ती वाजवायची. हाताला काम नसलं की त्याच खुणांनी एकमेकांना हाका मारून आमच्या गप्पा चालत, इंग्रजी अक्षरांतून वऱ्हाडी बोलणं.

एक रीत मात्र सगळे पाळत. जो वारला, त्याची खूण पुन्हा कुणी वाजवायची नाही. ती त्याच्याबरोबर गेली असंच आम्ही धरून चालत होतो.

बासष्ट साली वरून हुकूम आला. दोघांच्या खुणा सारख्या निघायच्या आणि एकाच्या चुकीचा ठपका दुसऱ्यावर बसायचा. म्हणून आता खूण माणसाची नाही, खुर्चीची. ज्या खुर्चीवर पहिल्यापासून जी खूण नोंदलेली, तीच तिथे बसणाऱ्याने वाजवायची. हुकूम काढणाऱ्याने जन्मात तारेच्या खटक्याला बोट लावलं नसणार. आम्ही आरडाओरडा केला, मग नेहमीसारखे गप्प बसलो.

यात सापडला धर्मपाल. अचलपूरच्या अलीकडे एका खेड्यातल्या तारघरात तो एकटाच असे. घरातला पहिला सरकारी नोकर. छप्पन साली सगळ्या घराने दीक्षा घेतली, तेव्हा जुनं नाव टाकून त्याने धर्मपाल हे नाव स्वतः घेतलं होतं. खूणही त्यावरूनच घेतली, डीएल. ती अशी ऐटीत वाजवायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं. आता त्याच्या खुर्चीची खूण निघाली पीआर. म्हणजे पुंजाराम. भर उन्हाळ्यात तार मारता मारता त्याच खुर्चीत वारलेला.

"भाऊ, मले नाई वाजवायची ती," धर्मपालने तारेवर कळवलं. "माह्यं नाव मी सोता घेतलं. आता मेलेल्या मानसाचं काहून लावून राहिले मले?"

मी साहेबांशी बोललो. साहेब हसले.

पहिले काही दिवस तो ती खूण कशीबशी उरकून टाकायचा. त्याचा हात मुळात चपळ, तुटक. पावसाळा संपता संपता तो जड होऊ लागला. अक्षरांच्या मधेच थांबायचा, जिना चढून दम लागलेल्या माणसासारखा. हरिहरने अकोल्याहून विचारलं, "त्या खेड्यावर कोण बसलंय रे? हा हात आपण ऐकलाय." मी पुढची तार लावली. मला भीती वाटली, उगीच खोटं कशाला बोलू.

वैशाखातली दुपार होती. बाहेर जाळ ओतल्यासारखं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर नुकतंच पाणी मारलेलं. त्या ओल्या वासात मी एकटा बसलो होतो, तेवढ्यात धर्मपाल आला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. मीच बोलावलं होतं त्याला. माझ्या रोजच्या कटकटीला कंटाळून साहेबांनी अखेर त्याची खूण त्याला परत द्यायचं कबूल केलं होतं. सोबत बायको होती, सत्यवती. तो आत येऊन माझ्या टेबलाशेजारी बाकावर बसला. ती दारातच थांबली आणि मला खुणेने बाहेर बोलावलं.

"भाऊ, यायले काई तरी झालं हाये," ती हळूच म्हणाली. "झोपीत बोटं चालतात यायची... आन मले जाईबाई म्हनून हाक मारतात. कोन व्हय ही जाईबाई?"

मला ठाऊक होतं. पुंजारामची बायको, त्याच्या पाठोपाठ गेलेली.

मी आत येऊन खुर्चीत बसलो. "धर्मपाल, आनंदाची गोष्ट आहे. तुझी खूण परत मिळाली."

तो भिंतीकडे बघत होता. तिकडेच बघत म्हणाला, "कोनाची...?"

आणि यंत्र वाजू लागलं. त्याच्याच खेड्याची तार.

"तारघर कुणावर सोपवून आलात?" मी सत्यवतीला विचारलं.

"कुलूप लावलं ना." तिने पदराची गाठ दाखवली. "किल्ली हे काय."

यंत्र वाजतच होतं. चपळ, तुटक हात. डीएल. डीएल. डीएल. ती ऐट आता कुठेच नव्हती, नुसती घाई होती.

*भाऊ... मी अथीच हावो... मले सोडून कोन आलं तुमच्याकडं? ... सत्यवतीले त्याच्यासंगं जाऊ देऊ नका...*

सत्यवती दारात उभी राहून ऐकत होती. तिला तो नुसता खडखडाट.

बाकावरचा माणूस उठला, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

"चाल, जाईबाई. एस्टी निघंल."

तिने मुकाट्याने डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्यामागे निघाली. मला उठायलाच वेळ लागला. धडपडत व्हरांड्यात आलो तेव्हा दोघं त्या उन्हात रस्त्याच्या पार पोचली होती.

"सत्यवती!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "सत्यवती, थांब!"

ती वळली नाही. दुसऱ्याच कुणाला हाक मारतोय असं समजून पुढे चालत राहिली.