चेटकिणीचा तीळ

मेकअपच्या खुर्चीत बसले, तर रोजच्या मेकअपवाल्या काकांच्या जागी तो नवा मुलगा उभा.

"डोळे मिटा. नाक चिकटवायचंय."

इतक्या हळुवार हातांनी कुणी वाकडं नाक चिकटवतं, हे मला नवीनच होतं. मी मालिकेतली चेटकीण. दुसऱ्यांच्या संसारात विष कालवायचं, हेच माझं काम.

ओठाजवळच्या माझ्या तिळाशी त्याचं बोट थांबलं. "हा झाकायचा नाही."

"का?"

"मग तुम्ही दिसणारच नाही... या सगळ्याखाली."

त्याने काळ्या रंगाने तो तीळ चांगला टपोरा केला. मी लाजले, चेहऱ्यावर राखाडी रंग होता म्हणून वाचले!

मग रोजचंच झालं ते.

"चेटकीणबाई, आज कुणावर जादू?"

"करतेय एकावर. मेला दाद देईल तर शपथ!"

"दिली तर... उतरवता येते?"

"छे! जन्माची असते ती."

मालिका घरोघरी पोचली, आणि एका रविवारी तो मला आईला भेटवायला घेऊन गेला. मी अगदी साधी, धुतल्या चेहऱ्याने गेले. "ये गं," आई हसून म्हणाली. तेवढ्यात त्याची छोटी भाची आतून धावत आली, माझ्या ओठाकडे बघत राहिली... आणि किंचाळली. "चेटकीण! तीळवाली चेटकीण!" त्याच्या बहिणीने तिला उचललं, आत नेलं आणि कडी लावली.

"खोटं असतं ते, कळतं गं मला," आई म्हणाली. पण ती दोन पावलं मागे सरकली होती. "घरात लहान मूल आहे... पुन्हा नको येऊस."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द बोलावा, एवढंच हवं होतं मला. तो चपला शोधत राहिला.

जिन्यात म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ... कुणाला बोलणार? चूक माझीच, मीच मोठा केला तो तीळ. लग्नानंतर रोज सकाळी मी झाकून देत जाईन. कुणाला कळणारही नाही."

तो हे प्रेमानेच म्हणत होता. तेच असह्य होतं.

"तुला तर मी दिसायला हवी होते ना?"

"माझं खूप प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. पहिल्यांदाच.

"माझंही," मी म्हणाले, आणि एकटीच खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी नाक काकांनी चिकटवलं. प्रसंग हसण्याचा होता. मी हसले... दिग्दर्शकाने थांबवलं तरी मला थांबता येईना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंगावर काटा आला म्हणे.