कोपऱ्यातली प्लेट

मावशींनी प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरचं दार उघडलं. बुरशी वाढवायच्या सगळ्या प्लेट्स निळ्याशार होत्या.

त्यांनी शोधलेली बुरशी असं विकर, म्हणजे एन्झाइम, सोडायची की निळा रंग नाहीसा होऊन तिच्याभोवती पांढरं कडं उमटायचं. आज बुरशी होती, कडं नव्हतं. म्हणजे खरी बुरशी पळवून कुणीतरी दिसायला तशीच दुसरी ठेवली होती.

किल्ल्या तिघांकडेच. स्वतः मावशी, जुने सहकारी अण्णा आणि नवी सहायक, म्हणजे मावशींची सख्खी भाची. प्रयोगशाळेच्या साहेबांनी नव्या पोरीवरच बोट ठेवलं आणि पोलिसांचं नाव काढलं. मावशींनी कशीबशी चार दिवसांची मुदत मागून घेतली. अण्णा मात्र पोरीला पाणी देऊन धीर देत राहिले.

"तू पिशवी आत आणली होतीस?" मावशींनी विचारलं.

"कधीच नाही. मला तुरुंगात टाकतील का गं?"

मावशी कामाला लागल्या.

त्यांनी ताज्या निळ्या प्लेट्सवर तिघांच्या पिशव्या टेकवल्या. जिच्यातून बुरशी गेली असेल तिचे कण वाढतील आणि कडं उमटेल, असं सर्वांना सांगितलं. कोपऱ्यातली प्लेट भाचीची, हे अण्णांच्या कानावर हळूच घातलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तीच प्लेट पांढरीफटक झाली होती. साहेबांनी फोन उचलला.

"थांबा साहेब," मावशींनी प्लेट उचलून पुढे धरली. "बुरशी आधी वाढते, मग रंग जातो, त्याला दिवस लागतात. इथे बुरशीचा एक धागा तरी दिसतोय? वास घ्या. रंग उडवायला कुणीतरी ब्लीच ओतलंय."

"पण प्लेट तर हिचीच ना?"

"नाही. या प्लेटला कुणाचीच पिशवी लागलेली नाही. ती हिची आहे, असं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. स्वतःच्या पिशवीच्या प्लेटवर कडं उमटायच्या आत त्याला हिला अडकवायचं होतं."

अण्णांचा चेहरा उतरला.

"बुरशी माझ्या घरी फ्रीजमध्ये आहे," ते पुटपुटले. "शोधावर एकदा तरी माझं नाव लागलं असतं."

साहेब त्यांना घेऊन गेले. भाचीने डोळे पुसले.

"मावशी, तुला माझा संशय नाही ना आला?"

मावशींना खोटं बोलवेना.

"आला होता. सगळ्यात आधी तुझीच पिशवी टेकवली मी."

भाचीने पिशवी खांद्याला लावली आणि ती दाराकडे निघाली.